राजाचं बोलणं

मालनच्या लहानपणची अंतराळातली मालिका आता नव्याने, रंगीत आली होती.

"हा परग्रहावरचा राजा? लग्नातला बँडवाला वाटतोय," ती फणकारली.

"गप बघ ना," नवरा, चंद्रप्रकाश, हसला.

जुन्या राजाचं हिंदी तिला कळायचं नाही. शेजाऱ्यांच्या दाटीत मागे बसून थोरला भाऊ लवू ते तिच्या कानात मालवणीत सांगायचा. तापाने लवू गेला, मग हळूहळू त्याचा आवाजही कानातून गेला. तोच शोधायला ती बसली होती, आणि समोर हा चमचमत्या कागदातला राजा गरजत होता.

"शी. माझा लवू याच्याहून बरा बोलायचा."

कानाशी ऊब आली. "वायच सरक गो, माका दिसणा नाय."

ती हलली नाही.

"सरक ना गं," पडद्यावरची नजर न काढता चंद्रप्रकाश म्हणाला, "कधीचा सांगतोय तो."