रामाजीच्या घरचा गोंधळ

रामाजीने बायकोच्या, वच्छलाच्या हातातून फोन ओढून घेतला.

"नमस्ते बाबूजी," पलीकडून सुनेचा आवाज आला. "मैं मांजी से कह रही थी..."

"आमच्या घरात गोंधळ घातल्याबिगर चैन नाही पडत का तुम्हाले?" रामाजी कडाडला. "मंग तिथून काऊन? इथं या! सगळ्या गावासमोर घाला एकदाचा गोंधळ!"

पलीकडून अगदी नम्रपणे आलं, "जी बाबूजी."

त्याने फोन कापला आणि खाटेवर फेकला.

"असं बोलतात का हो?" वच्छला म्हणाली.

"हिंदीवालीले काय समजते!"

वच्छलाने पदर तोंडाला लावला आणि ती आत निघून गेली.

सहा महिने झाले होते. पोराने, कुलदीपने कोर्टात लग्न केलं आणि घरी नंतर सांगितलं. पोरगी इटारसीची, पांढुर्ण्याच्या शाळेत शिकवणारी, नाव चंचल. एवढं ऐकून रामाजी उठून संत्र्याच्या बागेत गेला होता. त्यानंतर पोरगा दोनदा घरी रामाकोन्याला आला, "बाबा, तिच्याबद्दल पुरतं ऐकून त घ्या," म्हणाला. दोन्ही वेळा रामाजी बागेतच गेला.

जातपात त्याने फारशी मनावर घेतली नव्हती. त्याचं दुखणं वेगळं होतं. गाव सीमेपल्याडच्या हिंदी राज्यातलं. शाळा हिंदीची, तहसील हिंदीची, दुकानाच्या पाट्या हिंदीच्या. मराठी उरली होती ती घरातल्या चुलीपाशी. तिथंही आता हिंदी येणार. नातू त्याला 'दादाजी' म्हणणार आणि त्याचं बोलणं ऐकून हसणार. या एका विचाराने त्याला जेवण जात नसे.

वच्छला आठवड्यातून एकदा गोठ्यामागे जाऊन फोनवर बोलते, हे त्याला ठाऊक होतं. अर्धा अर्धा तास बोलायची, मधेच हसायची. तो काही विचारत नसे.

शुक्रवारी दुपार कलताना दारात टेम्पो थांबला.

आधी तीन माणसं उतरली. एकाच्या गळ्यात संबळ, दुसऱ्याच्या हातात तुणतुणं. मग ज्वारीची कणसांसकट पाच ताटं, नारळ, विड्याची पानं. शेवटी डोक्यावर पदर घेतलेली एक सावळी पोरगी. तिच्यामागे कुलदीप, खाली मान घालून.

"रामराम," संबळवाला म्हणाला. "मी प्रभाकर गोंधळी, सावरगावचा. तुम्ही बोलावलं म्हून आलो."

"मी? कोणी सांगतलं?"

पोरगी पुढे आली आणि वाकून पाया पडली. "बाबूजी, आपने ही तो फोन पर कहा था. घर आकर सबके सामने गोंधळ डालो. मैंने पूछा लोगों से, तो बोले शादी के बाद देवी का होता है." तिचा चेहरा निरागस होता. "कुछ गलत हुआ क्या?"

कुलदीपला एकाएकी खोकला आला. तो टेम्पोकडे वळला.

तोवर शेजारचा म्हातारा तुळशीराम काठी टेकत आला होता, मागे निम्मी आळी.

"वा रे रामाजी!" तुळशीराम म्हणाला. "आमाले वाटलं, तू पोराले कायमचं तोडलं. अन् तू त माहूरच्या देवीचा गोंधळ मांडून राहिला! मोठ्या मनाचा बाप होय तू."

काय सांगणार? की मी बोलावलं नाही, शिवी दिली? रामाजीने वच्छलाकडे पाहिलं. ती केव्हाच अंगण सारवायला बसली होती.

दिवेलागणीला तांदळाचा चौक भरला. ताटं उभी राहिली, घट बसला. सगळं सामान बरोबर होतं, एक जिन्नस कमी नव्हता. आजकाल मोबाइलात सारंच सापडते, रामाजीने मनाशी म्हटलं. त्याच्या हातात दिवटी दिली गेली. घरच्या कर्त्याने धरायची म्हणून त्याने धरली.

प्रभाकरने गावोगावच्या देवांना नावं घेऊन बोलावलं. मग तो थांबला. "आता जोडप्याचं नाव घ्या, दादा. देवीले तुमच्या तोंडून सांगा."

संबळ थांबला. कुलदीपने पहिल्यांदाच बापाकडे मान वर करून पाहिलं. पोरगा वाळला होता.

"कुलदीप," रामाजी म्हणाला. सहा महिन्यांत पुढचं नाव त्याने जिभेवर येऊ दिलं नव्हतं. "अन् चंचल. माही सून."

संबळ असा कडाडला की छपरावरची कबुतरं उडाली. वच्छला रडत होती आणि कुंकू लावत होती.

जेवणं झाली, माणसं पांगली. चंचल ओट्यावरच्या पत्रावळ्या गोळा करत होती. रामाजी तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. मनात सल राहिला होता. देवीसमोर दिवटी धरून खोटं पचवायचं, हे त्याला जमणारं नव्हतं.

"बेटी," त्याने आपली मोडकी हिंदी गोळा केली. "वो फोन पे मैं जो बोला ना... हमारे में गोंधळ के दो मतलब होते. एक देवी का. और दूसरा, मतलब, सब गडबड, सब उलटापुलटा. मैं दूसरावाला बोला था. गुस्से में. तेरे को समझा नहीं, तू पहलावाला समझी. मेरे को माफ कर."

चंचलने हातातल्या पत्रावळ्या खाली ठेवल्या.

"मले तवाच समजलं होतं, मामाजी," ती म्हणाली. "माही माय इथल्याच तिगावची होय. घरी आम्ही असंच बोलतो."