काकणांची साक्ष

“डोळे मिट,” डॉक्टर इंग्रजीत म्हणाला, आणि अर्शदने मिटले. तेवढं अजून त्याच्या हातात होतं. बांधकामाच्या परांचीवरून पडून मान मोडल्यापासून गळ्याखालचं बाकी सगळं शरीर परक्या माणसासारखं त्याच्याजवळ नुसतं पडून होतं.

विलायतेहून आलेल्या या डॉक्टरला नव्या गोळ्यांच्या चाचणीसाठी माणसं निवडायची होती. अट एकच. माणसाला मानेखाली कुठेतरी, थोडं का होईना, जाणवलं पाहिजे. डॉक्टर टाचणी टोचून विचारणार, मधूनच न टोचताही विचारणार, आणि अर्शदने ‘येस’ किंवा ‘नो’ म्हणायचं. पास झाला तर बहारीनमध्येच हॉस्पिटलची खाट आणि गोळ्या. नापास झाला तर गुरुवारचं विमान, आणि मग मरेपर्यंत गुहागरच्या घराचे वासे मोजणं.

खरं सांगायचं तर अर्शदला खाली काहीही जाणवत नव्हतं. म्हणून तर त्याची बायको मसूदा खाटेच्या पायथ्याशी उभी होती. टाचणी टेकली की तिने मनगट हलवायचं, हिरवी काकणं वाजली की त्याने ‘येस’ म्हणायचं. काल दुपारभर दोघांनी याची तालीम केली होती.

“नाऊ?”

किण्.

“येस.”

“नाऊ?”

काही वाजलं नाही.

“नो.”

“नाऊ?”

किण्.

“येस.”

डॉक्टर खूश होऊन नर्सला काहीतरी सांगू लागला. तेवढ्यात दाराकडून आवाज आला.

“मसूदा, काकणं काढ.”

अर्शदने डोळे उघडले. दाराशी झुबेर उभा होता, त्याचा मोठा भाऊ. जवळच्या सनाबिस वस्तीतल्या एका खोलीत स्वतःचा संसार सांभाळून रोज हॉस्पिटलच्या खेपा घालून तो वैतागला होता, आणि ते लपवायची तसदीही हल्ली घेत नव्हता.

“हात हालवतेस ता मना दिसताय. काढ.”

“मरद जित्ता हाय माझा,” मसूदा म्हणाली. “तो असताना हात उघडे करायची नाय. तुमाला घाई झाली असंल.”

“घाई? याचा उंदीर करतायत ता दिसत नाय तुला? अर्ध्या लोकांना नुसत्या खडूच्या गोळ्या देणार. डॉक्टरच बोलला.”

“अर्ध्यांना खऱ्या देतील ना?”

झुबेर सरळ आत आला. त्याने डॉक्टरला बाजूला घेऊन दोन वाक्यांत सगळं सांगून टाकलं. डॉक्टर चिडला असता तर बरं झालं असतं. तो चिडला नाही. त्याने काकणांकडे पाहिलं आणि कोपऱ्यातल्या स्टीलच्या ट्रेकडे बोट दाखवलं. “प्लीज,” म्हणाला.

अर्शदला भावाचा गळा आवळावासा वाटला. जिवंत नवऱ्यासमोर सासरच्याच माणसाने बाईला काकणं उतरवायला लावायची, हे त्यांच्या गावात कुणी दुश्मनाच्या घरातही केलं नसतं. पण गळा आवळायला हात लागतात. तो छताकडे बघत पडून राहिला. मसूदा बेसिनवर साबण लावून काकणं ओढू लागली. घट्ट बसली होती. एकेक काकण ट्रेमध्ये पडताना ऐकू येत होतं, आणि ते ऐकावं लागू नये म्हणून काय करावं हे त्याला सुचत नव्हतं.

पुन्हा डोळे मिटले. आता कानाला फक्त एसीची घरघर होती.

“नाऊ?”

“नो.”

“नाऊ?”

अर्शदने नशिबावर हवाला ठेवला. “येस.”

“मी हात लावला नव्हता,” डॉक्टर म्हणाला. दाराशी झुबेर नाकातून हसला.

मग बराच वेळ काही नाही. आणि मग डाव्या घोट्याशी काहीतरी झालं. लाल मुंगी चावावी तसं, पण फार लांबून.

“नाऊ?”

अर्शद थांबला. जिवाचा कान करून थांबला. एसी घरघरत होता, दुसरा आवाज नव्हता.

“नो.”

“लेफ्ट अँकल, नो,” डॉक्टरने नर्सला सांगितलं आणि टाचणी डबीत टाकली.

अर्शदचे डोळे फाडकन उघडले. “डॉक्टर, आय फेल्ट इट. लेफ्ट अँकल. आय फेल्ट इट.”

डॉक्टरने त्याच्या गालावर थोपटलं. तिथलं त्याला छान जाणवलं. “सॉरी, अर्शद,” म्हणून डॉक्टर निघून गेला, मागोमाग नर्सही.

“खलास,” झुबेर म्हणाला. “डॉक्टरच्या तोंडून घोटा ऐकलास नि लगेच तुला घोटा दुखला. नाटक पुरे. मी कंपनीत सांगून येतो, गुरुवारचा पक्का म्हणून.” त्याने दार आपटलं नाही. हळूच लावून घेतलं, पेशंटच्या खोलीचं लावतात तसं.

मसूदा खाटेजवळ आली. ओढून ओढून तिची मनगटं लाल झाली होती, त्यांवर साबणाचा फेस वाळत होता.

“खरंच लागला?”

“अल्लाची कसम. मुंगी चावल्यागत.”

“मग तवा ‘नो’ कशाला बोललांव?” तिच्या आवाजाला झुबेरच्या आवाजापेक्षा जास्त धार होती.

अर्शद तिच्या उघड्या मनगटांकडे बघत राहिला.

“काकणं वाजली नाय ना,” तो म्हणाला.