बॅटरीजवळचा फ्यूज

जळालेल्या गाडीची वायरिंग तपासायला पोलिसांनी मिस्तरीलाच बोलावलं. गाडीत अ‍ॅम्प्लिफायर बसवण्यात त्याचा हात धरणारं शहरात कुणी नव्हतं. मागच्या सीटकडे बघायचं टाळत तो सांगाड्यात वाकला. बॅटरीतून डिकीतल्या वूफरकडे गेलेली जाड तार वाटेत पत्र्याला घासून पेटली होती. फ्यूज होता, पण बॅटरीजवळ नाही, पार मागे डिकीत. तार त्याच्या अलीकडेच घासली, म्हणून तो उडालाच नव्हता. बॉनेटमध्ये हात शिरत नसला की मिस्तरीही फ्यूज मागेच ठोकून द्यायचा.

"कुणाचं काम असेल?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"असेल कुणा अडाण्याचं," तो म्हणाला आणि बाहेर येऊन त्याने धाकट्या भावाला फोन लावला. भावाची गाडी त्याने परवाच हातावेगळी केली होती.

"दादा, घाटात आहोत! पोरं मागे नुसती नाचतायत!"

"गाडी थांबव! सगळ्यांना खाली उतरव!"

"काय? काही ऐकू येत नाहीये रे!" भाऊ हसत ओरडला. "काय वूफर बसवलायस, दादा! मानलं तुला!"