चौथी बाटली

"अठराच्या अठरा बरोबर?" बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि शरच्चंद्राच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "तुमच्या बॅचमधलं कुणी चुकतच नाही वाटतं?"

रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होऊन त्याला सात वर्षं झाली होती. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत प्रत्येक मुलाला एका सॉल्टची पुडी मिळायची. फळीवरच्या बाटल्यांतली रसायनं घालून ते सॉल्ट कोणतं, हे शोधायचं. इतर बॅचमध्ये चार-पाच जण तरी गटांगळ्या खात. याच्या बॅचमध्ये अगदी ढ मुलंसुद्धा पास. पुडीत काय आहे ते कुणीतरी आधीच फोडत होतं, आणि ते कुणीतरी नत्थूजीच असणार, याबद्दल शरच्चंद्राला तिळमात्र शंका नव्हती.

नत्थूजी लॅबचे अटेंडंट. बावीस वर्षं परीक्षानळ्या धुतलेले, लांबच्या नंदनवन वस्तीतून सायकलनं येणारे. मुलं त्यांना काका म्हणत, त्यांच्याशी कुजबुजत आणि शरच्चंद्र दिसला की गप्प होत. आणखी काय पुरावा हवा?

यंदा त्यानं पक्का बंदोबस्त केला होता. पुड्या स्वतः बांधल्या, दाराला आतून कडी लावून. कपाटाची किल्ली जानव्याला अडकवली. परीक्षेच्या दिवशी नत्थूजींना बाहेर व्हरांड्यात स्टुलावर बसवलं, सगळ्यांदेखत. का बसवलं ते शिपायापासून प्राचार्यांपर्यंत साऱ्यांना कळलं. आत तो स्वतः मुलांच्या मागं घिरट्या घालत राहिला. एखाद्याचा हात भलत्याच बाटलीकडे गेला की मनातल्या मनात चुकचुकायचा. सात वर्षं शिकवलेलं पाण्यात गेलेलं कुणाला बघवतं? तोंडातून मात्र अक्षर काढलं नाही.

तरी अठराच्या अठरा.

परीक्षक गेले. मुलं गेली. शरच्चंद्रानं प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला, नत्थूजींना आत बोलावलं आणि तो वाचून दाखवला. विद्यार्थ्यांना फितूर, तरी नोकरीवरून कमी करावं. पेन्शनला दीड वर्ष उरलेल्या माणसानं ते उभ्यानं ऐकलं. ओले हात खाकी पँटला पुसले.

"बांधा एक पुडी, सर. आता. मले दाखवू नका."

शरच्चंद्र चिडलाच. पण आतल्या खोलीत गेला, कडी लावून लेड नायट्रेटची पुडी बांधली आणि टेबलावर आणून आपटली. नत्थूजींना बाटल्यांवरचं इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी पुडी उघडलीसुद्धा नाही. फळीवरच्या पहिल्या बाटलीला बोट लावलं, जरा थांबले, पुढं सरकले. दुसरी. तिसरी. चौथीवर पुन्हा थांबले आणि ती उचलून त्याच्यासमोर ठेवली.

पोटॅशियम आयोडाइड. एक थेंब टाकला की हळदीसारखा पिवळा साका बसणार. बरोबर तीच.

सापडला, असं शरच्चंद्राच्या मनात आलं आणि तिथंच अडलं. ही पुडी त्याच्याखेरीज कुणाला ठाऊकच नव्हती.

"बाटलीकडं कोन पाह्यते, सर?" नत्थूजी म्हणाले. "चुकीच्या बाटलीले हात लागला का तुमी च्च करता. आता तीनदा केलं. पोट्टे नुसता हात लावून पाह्यतात. तुमी गप राह्यले का उचलतात."

 शरच्चंद्रानं विचारलं, की मग दिवसभर व्हरांड्यात चोरासारखं बसून राहिलात, परीक्षकांना हे सांगितलं का नाही?

नत्थूजींनी बाटली उचलून फळीवर जागच्या जागी ठेवली.

"सांगतलं असतं, तर त्या स्टुलावर तुमाले बसा लागलं असतं."