पाटावरचा जपानी पाहुणा

"अगं, काय केलंस हे!"

लक्ष्मीपूजनाच्या पाटावर माझी सव्वाशे वर्षं जुनी जपानी नोट होती. मी तिला चिमट्याशिवाय कधी उचललं नव्हतं, आणि बायकोने तिच्यावरच्या देवाला चक्क ओलं कुंकू लावलं होतं.

"पोट सुटलेलं, बसलाय तांदळाच्या पोत्यांवर, पायाशी उंदीर. आपल्यातलाच आहे हो! इतकी वर्षं प्लॅस्टिकमध्ये उपाशी ठेवलात बिचाऱ्याला."

आता माझ्यासारख्याच नोटा जमवणाऱ्या टिपणिसांना काय सांगू? माझा देव घेऊन ते मला जपानी राणीची नोट देणार होते. त्या राणीसाठी मी बारा वर्षं त्यांच्या मागे लागलो होतो.

पाडव्याला ते आले. राणीला टीपॉयवर ठेवून त्यांनी भिंग काढलं, देवाचं लाल कपाळ पाहिलं आणि भिंग परत खिशात घातलं.

"डाग पडलेली नोट मी घेत नाही."

तेवढ्यात बायको फराळ घेऊन आली. टीपॉयकडे पाहून तिचा चेहरा उजळला.

"अगबाई, राणीसाहेब पहिल्यांदाच आल्यात! कुंकू न लावता कशी पाठवू?"

ती करंडा घेऊन येईपर्यंत टिपणीस राणीला छातीशी धरून जिना उतरत होते. अनवाणी.