मडक्यातला अंगठा

साठ वर्षांपूर्वी पुरातत्त्व मंडळाला पहिल्याच उत्खननात एक मडकं मिळालं. त्याच्या आत, मातीत उमटलेला कुंभाराच्या अंगठ्याचा ठसा आहे. प्रत्येक नवा सभासद त्यात आपला अंगठा ठेवून बघतो. आजवर एकाचाही नीट बसला नव्हता.

रविवारी सकाळी अध्यक्षांच्या सुनेने ठेवला. चपखल बसला.

"बाबा, निघत नाहीये."

"नाटकं पुरेत, चहा गार होतोय," अध्यक्ष हसले.

मग तिचा चेहरा पाहून त्यांनी धावपळ केली. साबण झाला, तेल झालं. अखेर मडकं फोडायचं ठरलं. अंगठ्यापासून लांब, पलीकडच्या कडेवर त्यांनी हातोडी हलकेच ठोकली.

सून किंचाळली, "नका मारू, बाबा! मला लागतंय!"