शिंपीणबाईंची गाठ

"अहो, गाठ पुन्हा उलटी घातलीत," असं म्हणत तिने नवऱ्याच्या हातातला दोर काढून घेतला.

वारा होडीला धक्क्यापासून लांब ओढत होता. शेजारच्या होडीवरचा डिझेलवाला चहाचा कप धरून मजा बघत बसला होता.

"घड्याळजी, तुमचं काही खरं नाही," तो म्हणाला. "बाई आहेत म्हणून होडी जागेवर आहे."

"म्हणून तर लग्न केलं," नवरा म्हणाला.

तिने दोराचं टोक वेटोळ्यातून वर काढलं, मागून फिरवलं, पुन्हा आत घातलं आणि ओढलं. गाठ घट्ट बसली. काजं करताना दोरा फिरतो तसंच हे. चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या हाताला त्यात अवघड काय?

खरं तर इथे यायला ती मुळीच तयार नव्हती. नवऱ्याने घड्याळ दुरुस्तीचं दुकान बंद करून ही शिडाची होडी घेतली, तेव्हा तिने अबोला धरला. तीन खोल्यांचा संसार एका खोलीत आला, आणि तीही हलणारी. उठताना कपाळ छताला, वळताना कोपर कपाटाला. भांडी दोन तांबे पाण्यात धुवायची. शिवणयंत्र झोपायच्या फळीखाली. पहिल्याच आठवड्यात ती रुसून दोन दिवस बहिणीकडे जाऊन राहिली.

परत आली तेव्हा नवऱ्याने तिला बंदराचा नियम सांगितला. इथे राहायचं तर घरातल्या एकाने तरी तीन महिन्यांच्या आत होडी एकट्याने बाहेर न्यायची आणि परत धक्क्याला लावून परवाना मिळवायचा. नाहीतर जागा सोडायची. तिने मनातल्या मनात देवाला हात जोडले. नवऱ्याचा उजेड बघता सामान लावायचीसुद्धा गरज नव्हती.

केसाएवढी स्प्रिंग पहिल्या झटक्यात बसवणारा माणूस, पण दोर हातात आला की त्याच्या बोटांना काय व्हायचं कोण जाणे. शीड उलटं चढवायचा. सुकाणू डावीकडे म्हटलं की उजवीकडे. आणि तिचा स्वभाव असा, की दुसऱ्याची वाकडी शिवण दिसली तरी जीव कासावीस व्हायचा.

"सरका," ती म्हणायची. मग चष्मा लावून बंदराचं माहितीपुस्तक वाचायची आणि करून दाखवायची.

"पुन्हा एकदा दाखव गं," तो म्हणायचा.

एकदा ती बाजारातून आली, तर मधल्या वेळात जोराचा वारा येऊन गेलेला. होडीला दुहेरी दोर, नेटक्या गाठी.

"कोणी बांधल्या?"

"असेल कोणीतरी. देवमाणसं आहेत इथली," नवरा म्हणाला. डिझेलवाल्याला नेमका तेव्हाच ठसका लागला.

हळूहळू कपाळ आपटायचं थांबलं. लोक फाटकी शिडं घेऊन येऊ लागले आणि तिला शिंपीणबाई म्हणू लागले. सकाळी डोळे मिटूनच ती वारा कुठला ते सांगायची आणि मग देवाचं नाव घ्यायची. एके दिवशी बाजारात ती नवऱ्याला सहज म्हणाली, "चला, घरी जाऊ." बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की डोळ्यांपुढे होडी आली होती. तिने बोटांवर दिवस मोजले. मुदतीला आठच दिवस उरले होते.

"बंदरसाहेबांपुढे होडी मी नेते," ती म्हणाली.

"तू?"

"मग काय तुम्ही? धक्का फोडाल."

"बघ बुवा. मग माझी लाज तुझ्या हाती."

परीक्षेच्या दिवशी बंदरसाहेब होडीत हाताची घडी घालून बसले. नवरा धक्क्यावर टोपी चुरगाळत उभा. तिने देवाचं नाव घेतलं आणि दोर सोडला. जाताना सगळं सुरळीत झालं. येताना वारा आडवा फिरला आणि होडी धक्क्याकडे भलत्याच वेगाने निघाली. तिने हट्ट केला नाही. चुकीचं कापलेलं कापड ओढून बसत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने सुकाणू वळवलं, मोठी फेरी घेतली आणि पुन्हा आली. वेळेवर शीड उतरवलं, सुईखाली कापड सरकावं तशी होडी धक्क्याला लावली, उतरली आणि गाठ मारली.

साहेबांनी दोर पायाने दाबून पाहिला. तसूभरही हलला नाही.

डिझेलवाल्याने टाळ्या वाजवल्या. नवऱ्याचे डोळे भरून आले होते.

"रडताय काय? राहिलं आपलं घर," ती म्हणाली. मान इतकी ताठ, की जणू धक्काच तिच्या नावावर झाला होता.

"राहिलं," तो म्हणाला. "तू जा सहीला. मी चहा ठेवतो."

कचेरीत साहेबांनी मोठी वही उघडली आणि तिच्या होडीचं पान काढलं.

"एका घरात दोन परवाने, असं या बंदरात पहिल्यांदाच होतंय, बाई," साहेब म्हणाले. "करा सही. यजमानांनी पहिल्याच आठवड्यात केली आहे ना, तिच्या खाली."